रिकाम्या तारेवरची हाक

“टिंब म्हणे रेघेला, बाई गं, जरा थांब,
तुझी उडी लांब, आणि माझी वाट लांब.”

आईचा हा आवाज टिंबूच्या कानात कधी येऊन बसला, ते तिला सांगता यायचं नाही. ओट्याची कड तेव्हा तिच्या नाकापर्यंत यायची. आई भांडी विसळता विसळता गायची आणि ओल्या बोटानं कडेवर ताल धरायची. टिंबाला बोटाचं टोक, रेघेला अख्खं पेर. गाणं तिचं तिनंच रचलेलं. एकेका अक्षराची एकेक ओळ, आणि सगळ्या ओळी एका चालीत गुंफलेल्या, शेवंतीच्या वेणीसारख्या.

आता ओटा टिंबूच्या कमरेला लागत होता. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. आणि बाबा गच्चीवरच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, आईच्या त्या बोटाचा आवाज शोधत बसले होते.

बाबांना गल्लीत सगळे ‘तारवाले’ म्हणायचे. पोटासाठी ते वजनकाटे दुरुस्त करत. दुकानादुकानांतून फिरून कुणाचा काटा चढा, कुणाचा उतरता, ते बघून ठीक करून द्यायचे. पण जीव सगळा रेडिओत. गच्चीच्या खांबापासून शेजारच्या पाण्याच्या टाकीपर्यंत त्यांनी एक लांबलचक तार ताणली होती. त्या तारेवर अर्ध्या जगाचे आवाज आणि शेजारणीचे टॉवेल एकदमच उतरत. त्यावरून भांडण व्हायचं, आणि भांडणात बाबाच हरायचे.

खोली गच्चीवर, स्वयंपाकघर खाली. बाबांच्या कानाला हेडफोन. आईनं जिन्यात उभं राहून घसा फोडला तरी वर पत्ता नसायचा. म्हणून लग्नानंतर पहिल्याच वर्षी बाबांनी स्वयंपाकघरात तार पाठवायची एक किल्ली बसवली, वर एक बझर लावला, आणि आईला ती कट्ट कडकट्ट भाषा शिकवली. आपल्या बाराखडीसाठी टिंबं-रेघांचा तक्ता दोघांनी मिळून घरीच बसवला. तोंडानं ‘अहो’ म्हणणारी आई किल्लीवर मात्र सरळ ‘ये’ म्हणायची. “किल्लीवर कुठलं आलंय अहोजाहो? बोट दुखतं,” म्हणायची. पण बोट दुखणारी बाई खालून वर अख्ख्या दिवसाच्या गोष्टी सांगत बसायची. दूध उतू गेलं. नळ आला. ये. मीठ जास्त झालंय, बोलायचं नाही. ये.

ही भाषा जगात दोनच माणसांना येते, अशी बाबांची पक्की समजूत होती.

ती खोटी होती, आणि त्यामागे एक खेळ होता. टिंबू शाळेत असताना जेवणं झाली की बाबा मनात एखादी वस्तू धरायचे. साक्षीला म्हणून ती आईच्या कानात सांगून ठेवायची, आणि मग टिंबूनं प्रश्न विचारत ती ओळखायची. उत्तर फक्त हो किंवा नाही. “प्रत्येक प्रश्नानं जग अर्धं करायचं,” बाबा सांगायचे. “अर्ध्याचं पाव, पावाचं नखभर. नीट विचार केला ना टिंबू, की जगातली कुठलीही गोष्ट कोपऱ्यात सापडते.” टिंबू जग अर्धं करायला लागायची आणि टेबलाखाली आईचं बोट तिच्या गुडघ्यावर पडायचं. टिंब, टिंब, रेघ. ‘कात्री.’ मग टिंबू उगाच चार आडवेतिडवे प्रश्न विचारून, कपाळाला आठ्या घालून म्हणायची, “कात्री?” आणि बाबा खुर्चीतून उठायचेच. “बघितलंस? बघितलंस हिचं डोकं?” आई पदर तोंडाला लावून म्हणायची, “तुमच्यावर गेलीय.”

पुढे बाबांनी त्या खेळाचा प्रोग्रामही लिहिला. प्रश्न संगणकानं विचारायचे. पोरंटोरं खेळायची, संगणक जिंकायचा. आई एकदाच खेळली. ‘ते जिवंत आहे का?’ या प्रश्नाला तिनं तोंडानंच उत्तर दिलं, “कधी कधी.” ‘हातात धरता येतं का?’ “धरलं की जातं.” तिनं झोप धरली होती मनात. बाबा दोन दिवस संगणकाकडे फिरकले नाहीत.

टिंबू मोठी झाली, तिकिटांच्या यंत्रांचे प्रोग्राम तपासायच्या नोकरीला लागली. दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार मिळतो, असं ती हसत सांगायची. बाबा भेटेल त्याला ऐकवायचे, “त्या खेळातच ओळखलं होतं मी.” मग खरं सांगायला जागाच उरली नाही. म्हाताऱ्या माणसाचा आनंद कुठं मोडा, म्हणून दोघी मायलेकी हसून गप्प.

*

आईला झटका आला तो सकाळी, कपडे वाळत घालताना. वाचा गेली, उजवी बाजू गेली. बाबा दवाखान्यात तिच्या उशाशी बसून राहिले, खाणंपिणं सोडून. चौथ्या दिवशी दुपारी नर्सबाईंनीच त्यांना दटावून घरी पाठवलं. “आंघोळ करा, चार घास खा. तुम्ही पडलात तर मी कुणाकुणाला बघू?” टिंबूला उशाशी बसवून बाबा गेले. आंघोळ केली. आणि चार घासांऐवजी, घटकाभर मन शांत व्हावं म्हणून वर जाऊन हेडफोन लावून बसले. मोबाइल ते जवळ ठेवत नसत; तो जवळ आला की रेडिओत खरखर उठते. घरातला फोन खालच्या खोलीत, जुना, नंबर न दाखवणारा.

ते परत दवाखान्यात पोचले तेव्हा पलंगावरची चादर आईच्या चेहऱ्यावर आली होती.

“फोन का नाही केलास?” त्यांनी विचारलं.

“केला होता बाबा,” टिंबू म्हणाली. “कुणी उचलला नाही.”

फोन तिनं केलाच नव्हता. त्या दुपारी आईचा श्वास बदलला तेव्हा तिनं मोबाइल हातात घेतला होता, आणि आईचं डावं बोट तिच्या मनगटावर पडलं होतं. टिंब, रेघ. टिंबू तो ओळखीचा ताल ऐकत गेली आणि मोबाइल पालथा ठेवला. आईनं काय सांगितलं ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. बाबांनी विचारलंही नाही. त्यांच्या हिशेबी टिंबूला ती भाषा येतच नव्हती.

खोटं बोलून झाल्यावर टिंबूनं बाबांनीच शिकवलेल्या रीतीनं विचार केला होता. जग अर्धं करून बघितलं. ज्याला हाक ऐकू आली नाही, तो आज ना उद्या स्वतःला माफ करील. पण खरं सांगितलं तर हा माणूस कुणाला माफ करणार? तर्क सरळ होता. कुठं टाका उसवलेला दिसत नव्हता.

*

“त्या भोंग्यात बसलीय का वहिनी?” आत्या जिन्याखालून ओरडत होती. ही बाबांची धाकटी बहीण, पलीकडच्या गल्लीत राहायची, आणि रोज डबा घेऊन यायची. “दादा! अरे निदान ताटावर तरी ये! कालचं जेवण तसंच झाकून ठेवलंय. टिंबू, तू तरी जा गं वर. मला ती खोली नको वाटते. अंगावर काटा येतो माझ्या.”

“का?”

“दुपारी गेले ना मी वर. हा बसलेला, पाठ माझ्याकडं. आणि संगणकाच्या पडद्यावर आपोआप ‘ये’ उठलं. मलाच बोलावल्यासारखं. मी जिना कसा उतरले माझं मला ठाऊक.”

‘ये’ चं गूढ नव्हतं; निदान टिंबूला तसं वाटत होतं. आई जिवंत असतानाच बाबांनी तिचा हात ओळखणारा एक प्रोग्राम तयार केला होता. प्रत्येकाचा हात वेगळा पडतो; कुणाची रेघ ओढाळ, कुणाचं टिंब घाईचं. आईचं टिंब मऊ आणि रेघ शेवटी जराशी लवलेली. बाबांनी बझरवरचे तिचे निरोप टेपवर धरून ठेवले होते, वर्षानुवर्षांचे, आणि तेच त्या प्रोग्रामला पुन्हा पुन्हा ऐकवून तिचा हात शिकवला होता. म्हातारपणी कान गेले तर निरोप पडद्यावर वाचता येतील, एवढाच हेतू. आई गेल्यावर त्यांनी तोच प्रोग्राम रेडिओला जोडला, जिथं कुठलंच स्टेशन लागत नाही अशा जागी काटा नेऊन ठेवला, आणि त्या नुसत्या सरसर आवाजातून पडद्यावर अक्षरं उमटू लागली.

ये. दूध. ये. ये.

पडद्यावर ‘ये’ उमटलं की बाबा हेडफोनचा आवाज वाढवायचे आणि त्या सरसरीत तिचं मऊ टिंब धुंडाळायचे. सापडायचं नाही. मग आणखी वाढवायचे. आता हेडफोन टेबलावर काढून ठेवले तरी त्यांचा आवाज जिन्यापर्यंत यायचा, पावसात पत्रा वाजावा तसा.

*

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना काचेच्या कपाटासारख्या खोलीत बसवलं आणि हातात एक बटण दिलं. “शिट्टी ऐकू आली की दाबायचं. नाही आली तर नाही दाबायचं. सोपं आहे.”

टिंबू बाहेरून बघत होती. बाबा डोळे मिटून, मान तिरकी करून बसले होते आणि मन लावून बटण दाबत होते. एकदा. पुन्हा. पुन्हा. बाईंनी चष्मा वर सरकवला.

“आजोबा, मी आवाज बंद ठेवलाय. तुम्ही कशावर दाबताय?”

“आली ना,” बाबा म्हणाले. “बारीक होती.”

बाई टिंबूला बाजूला घेऊन म्हणाल्या, “उजवा कान गेल्यात जमा आहे. डावा वाचेल, पण हेडफोनला आजपासून हात लावायचा नाही. नाहीतर थोड्याच दिवसांत तुम्हाला यांच्याशी पाटीवर लिहून बोलावं लागेल. मस्करी नाही करत.”

“सोडतो,” बाबा रिक्षात बसताना म्हणाले. “शहाण्या माणसाला एकदा सांगितलेलं पुरतं.”

घरी आले, चपला काढल्या, आणि शहाणा माणूस जिना चढून वर गेला.

*

दुसऱ्या दिवशी टिंबूनं रजा टाकली. बाबा एका दुकानदाराचा अडलेला काटा बघायला बाहेर पडले तशी ती वर गेली. लख्ख ऊन होतं. खिडकीच्या गजांची सावली टेबलावर पडली होती. खोलीत तापलेल्या धुळीचा आणि डाख दिलेल्या धातूचा वास. भिऊन जावं असं तिथं काहीच नव्हतं. रेडिओ चालूच होता, खालच्या आवाजात. पडद्यावर शेवटची ओळ थांबलेली.

ती प्रोग्राम उघडून वाचायला लागली. वाचता वाचता तिला चूक दिसली. अशी चूक तिच्या कचेरीतल्या नवख्यानंही केली नसती. ‘कळलं नाही’ असं म्हणायची वाटच त्यात ठेवलेली नव्हती. कानावर काहीही पडो, त्याचं जवळात जवळचं अक्षर करायचं आणि अक्षरांचं आईच्या तोंडचं जवळात जवळचं वाक्य. आणि आईच्या बोलण्यात ‘ये’ सगळ्यांत जास्त. मग वाऱ्याचं ‘ये’ होणार, विजेच्या ठिणगीचं ‘ये’ होणार, शेजारणीचा ओला टॉवेल तारेला लागला तरी ‘ये’ होणार.

ती खूश होऊन मान वर करते तोच पडद्यावर नवं अक्षर उमटलं.

नको.

टिंबूच्या हातातला माउस तसाच राहिला. तिला माहीत होतं. साखर नको, पंखा नको, एवढ्यात जायला नको. ‘ये’ च्या खालोखाल आईच्या बोलण्यात ‘नको’ च असणार. तर्क सरळ होता. तरी डाव्या मनगटावर, नेमक्या त्या जागी, काहीतरी हललं. टिंब. रेघ.

नको, पडद्यानं पुन्हा म्हटलं.

“आई?” टिंबू म्हणाली.

आणि स्वतःचाच आवाज ऐकून ती ताडकन उठली. उठून तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर रेडिओच्या मागची तार उपसून काढली. गच्चीवरची तार, टाकीपर्यंत गेलेली, आता कशालाच जोडलेली नव्हती. खोलीत सरसर तेवढी उरली, रेडिओच्या पोटातली, त्याची त्याची.

ये, पडद्यावर उमटलं. ये. दूध. ये.

*

“बसा,” बाबा आल्यावर ती म्हणाली. ती मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला बसली. “हे बघा. तार माझ्या हातात आहे. बाहेरून काही येत नाहीये. येणं शक्यच नाही. तरी बघा काय लिहितोय तो.”

ये.

बाबांनी पडद्याकडे बघितलं. मग तिच्या हातातल्या तारेच्या टोकाकडे. त्यांचा चेहरा हलला नाही.

“तुम्ही त्याला ‘कळलं नाही’ म्हणायला शिकवलंच नाही, बाबा. ही चूक आहे.”

“चूक नाही ती. मी मुद्दाम ठेवलं तसं.”

“का?”

“तिचं एकही अक्षर वाया जाऊ नये म्हणून.” बाबा जरा हसले. “आणि तार काढून मी पहिल्याच आठवड्यात बघितलं, टिंबू. तू काय समजलीस? माझा प्रोग्राम, मला नाही कळणार? सगळं रिकामं आहे. तिथं कुणी नाही.”

टिंबूनं तारेचं टोक टेबलावर ठेवलं. इतके दिवस ती ज्या दारावर धडका द्यायला निघाली होती, ते आतून उघडंच होतं.

“मग कशाला बसता इथं? कान जातायत तुमचे! त्या बाई काय म्हणाल्या ते ऐकलंत ना? का तेही ऐकू नाही आलं?”

“आलं की.”

“मग?”

बाबांनी हेडफोन मांडीवर घेतले. आतल्या फोमचा चुरा झाला होता. तो ते बोटानं झाडत राहिले. “खाली फोन वाजत होता,” ते म्हणाले. “आणि मी इथं. हेच कानाला लावून. ती बोलावत असणार. बोलता येत नव्हतं, तरी काहीतरी करून तिनं तुला सांगितलं असणार, त्यांना बोलाव म्हणून. जन्मभर ती ‘ये’ म्हणाली आणि मी गेलो, टिंबू. पानावर यायला उशीर झाला तरी रुसायची, पण मी गेलो नाही असं कधी झालं नाही. आणि एकदाच, जेव्हा जायचं होतं, तेव्हा...” त्यांनी हात हवेत नुसता हलवला. “तेव्हा जिथं आवाज होता तिथं मी नव्हतो. आता जिथं आवाज नाही तिथं बसतोय. जाऊ देत ना कान. त्यांनीच घात केला.”

ते हेडफोन उचलून डोक्यावर चढवायला लागले. टिंबूनं त्यांचा हात धरला.

“फोन वाजला नव्हता.”

“काय?”

“फोन वाजला नव्हता, बाबा. मी केलाच नव्हता.”

बाबा तिच्या ओठांकडे बघत होते. “केला होतास. उचलला नाही म्हणालीस.”

“खोटं बोलले. आईनं मनगटावर बोट आपटून सांगितलं मला.”

“तुला ती भाषा येत नाही.”

“येते. लहानपणापासून येते. आईनं शिकवली. तुमच्या खेळात मी एकही गोष्ट विचार करून ओळखली नव्हती. कात्री नाही, कंदील नाही, काही नाही. ती टेबलाखालून सांगायची.”

बाबांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण गोष्ट झाली. राग येईल असं वाटलं होतं, तिथं आधी आश्चर्य आलं, मग कुठून तरी हसू येऊ घातलं आणि अर्ध्यावर थांबलं. “दोघी मिळून?” ते पुटपुटले. “माझ्याच घरात?” आणि मग लगेच, जणू त्या सगळ्याला बाजूला सारून, ते पुढे वाकले. डावा कान तिच्याकडे केला.

“काय म्हणाली?”

पडद्यावर अक्षरं उमटत होती. दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

“टिंबू. काय म्हणाली ती?”

ती हळूच बोलली. इतकं जपून ठेवलेलं, हळूच बोलण्यासारखंच होतं. बाबांनी मान हलवली. “ऐकू नाही आलं. मोठ्यानं बोल.”

खिडकी उघडी होती. शेजारीण गच्चीवर टॉवेल झटकत होती. जिन्याच्या तोंडाशी आत्या डबा घेऊन उभी राहिलेली दिसत होती. टिंबूनं बाबांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, छाती भरून श्वास घेतला, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली:

“आई म्हणाली, त्याला नको बोलावू. तो समोर असला की मला जाववत नाही.”